चार पिस्तुलं आणि एक पंचिंग मशीन

घरात पिस्तूल असलं की किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपणहून लिफ्टनं वर येतात. माझ्याकडे चार आहेत. घाबरू नका, छर्ऱ्यांची आहेत, दहा मीटरच्या नेमबाजीची. इतक्या वर्षांत एकेक करून जमली आणि नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये साड्यांच्या कपाटाचा खालचा खण त्यांचा झाला.

खरं तर हे किस्से सांगायचा माझा नवरा, शेखर. पिस्तुलं माझी आणि मीठमसाला त्याचा! गेल्या वर्षी त्याला पॅरालिसिसचा अॅटॅक आला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. कळतं सगळं, पण तोंडातून निघतं फक्त "हं". स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, गप्पा चालू ठेवा, शब्द परत येऊ शकतात. म्हणून आता मित्रमंडळी जमली की मीच सांगते आणि मुद्दाम कुठेतरी चुकते. तो मला अडवेल, म्हणून वाट बघते.

*

पहिलं पिस्तूल वाशीच्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड घेतलं. त्यांचा पंजा दांडगा आणि लाकडी मूठ त्याच मापाची. माझ्या हातात ती नुसती डुलायची. आमच्या नेमबाजी क्लबचे कोच म्हणाले, सुतार भेगा बुजवायला वापरतात ती लांबी मुठीवर लावा, हाताला तेल चोळून ती धरा आणि घट्ट होईपर्यंत सोडू नका. तुमच्या हाताचा साचा बसेल.

रविवारी दुपारी मी रिकामं पिस्तूल धरून जेवणाच्या टेबलाशी बसले. लांबी काही वाळेना. शेवटी शेखर मला वरणभात भरवायला लागला. नेमके तेव्हाच सोसायटीचे सेक्रेटरी उघड्या दारातून आत आले. बायकोच्या हातात पिस्तूल आणि नवरा मुकाट्यानं घास भरवतोय!

"चालू द्या तुमचं," म्हणून ते आल्या पावली परत गेले. आमच्या बाथरूमचं लीकेज वर्षभर रखडलं होतं. त्याच आठवड्यात प्लंबर आला.

*

मी तेव्हा न्हावा शेवा बंदराजवळ एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होते. शनिवारी हाफ डे असायचा, मग वाशीला रेंजवर. एकदा वाटेत दिवाळे गावच्या मासळीबाजारात उतरून सुके बोंबील घेतले आणि प्रॅक्टिस झाल्यावर तशीच मॉलमध्ये शिरले. दुसरं पिस्तूल नुकतंच घेतलं होतं, ते बॅगेत.

गार्डनं बॅग उघडली आणि त्याचा चेहराच उतरला. सुपरवायझर धावत आला. मी क्लबचं कार्ड दाखवलं, छर्रे दाखवले, सगळं समजावलं. त्याला पटलं. मग त्यानं बॅगेचा दुसरा कप्पा उघडला.

"मॅडम, पिस्तूल आमी लॉकरला ठेवतो, टेन्शन नाय. पन हे बाहेर. आत एसी हाय."

*

सासूबाई गुहागरच्या. त्यांच्या लेखी पिस्तूल म्हणजे शस्त्र आणि शस्त्र म्हटलं की दसऱ्याला पूजा. तोवर पिस्तुलं तीन झाली होती. त्यांनी ती पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली आणि ओंजळभर अक्षता टाकल्या. मी कौतुकानं फोटो काढले.

पुढच्या आठवड्यात क्लबची स्पर्धा होती. पहिलाच शॉट मारला, तर छर्रा भलतीकडे गेला आणि नळीतून समोर टेबलावर लाल तांदळाचे दाणे पडले. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "अक्षतेनं कधी कुणाचं वाईट झालंय होय गो? तुझाच हात हलला असेल."

*

शेखरनं मात्र माझ्या पिस्तुलांना कधी हात लावला नाही. चौथं घ्यायचं ठरलं तेव्हा त्यानं किंमत विचारली आणि म्हणाला, "कागदाला भोक पाडायला एवढा खर्च?"

लग्नाच्या वाढदिवसाला त्यानं मला छान पॅक केलेला बॉक्स दिला. वजन अगदी पिस्तुलासारखं. मी हरखून उघडला, तर आत पंचिंग मशीन! आमच्या गॅसच्या पावत्यांना अजून त्याच मशीननं भोकं पडतात. चौथं पिस्तूल मी दिवाळीत घेतलंच.

*

दोन महिन्यांपूर्वी मी सगळी पिस्तुलं विकायला काढली. शेखरला घरी टाकून रेंजवर जाणं जमत नव्हतं आणि नुसती बघून जीव तुटायचा. एक जण घ्यायला आला. मी पेट्या मांडल्या, भाव ठरला. तेवढ्यात शेखरनं डाव्या हातानं जवळच्या पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर कोपर टेकून बसला.

"अरे, मग मारणार कोण?" मी वैतागून विचारलं.

"हं," तो म्हणाला. आणि कोपर काही हलवेना.

*

म्हणून त्यालाच रेंजवर नेलं. कोचनी त्याची व्हीलचेअर टेबलाला लावली, सर्वांत हलकं पिस्तूल भरून डाव्या हातात दिलं आणि मनगटाखाली उशी ठेवली. शेजारच्या लेनवर जोशीबाई होत्या. गणिताच्या शिक्षिका, आता रिटायर झालेल्या.

शेखरनं एकच शॉट मारला. शॉट सुटताना त्याचा हात हलला. कोचनी बटण दाबलं. त्याचं निशाण्याचं कार्ड तारेवरून सरकत आलं. कोरं होतं. शेखरनं मान खाली घातली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात जोशीबाईंचंही कार्ड आलं. त्यांनी चष्मा वर करून भोकं मोजली. मग पुन्हा मोजली.

"मी पाचच मारलेत," त्या वर्गात विचारावं तशा आवाजात म्हणाल्या. "हा सहावा माझा नाही. आणि हा तर चक्क मधोमध, दहा आहे. कुणाचा हा?"

कोच माझ्याकडे बघायला लागले. मी सांगायला तोंड उघडलं, तोच शेखरनं मान वर केली.

"माझा," तो म्हणाला.