तासांवरचे सर

अमरदीप सकपाळ बारा वर्षं राज्यशास्त्र शिकवत होता आणि बाराही वर्षं कॉलेजच्या कागदांवर तो 'तासिका तत्त्वावर' होता. तास घेतला तर पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, मे महिना सगळं कोरडं. देवरूखच्या बाजारात माणसं त्याला सर म्हणत. मे महिन्यात हेच सर आंब्याच्या एका कारखान्यात क्रेट मोजायला जात.

तो पुण्यात एमए झाला, मग प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा पास झाला. वडील भिकू मुंबईच्या गोदीत होते, ते लवकर गेले. दीड लाखाच्या शैक्षणिक कर्जावर आईने, जाईबाईने सही केली. सही करायला ती त्याच आठवड्यात शिकली होती. ते कर्ज फिटलं तेव्हा अमरदीप पस्तिशीला आला होता आणि दोन ठिकाणी ठरत आलेलं लग्न 'पर्मनंट नाही' म्हणून फिसकटलं होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मासूमा सोलकर आपल्या वडिलांना घेऊन त्याच्याकडे आली. बीएला ती कॉलेजात पहिली आली होती. पुण्यात एमएला प्रवेश मिळाला होता, पण राहण्याखाण्यासकट अडीच लाख लागत होते आणि बँक कर्ज द्यायला तयार होती. वडील फारुकभाई वीस वर्षं कुवेतला ट्रेलर चालवून पूर्णगडला परतलेले. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"सर, मला राज्यशास्त्र कळत नाय. हप्ता कळतो. दोन वर्षांनी हिला पगार किती मिळंल, तेवढं सांगा. गोड बोलू नका."

सकाळीच प्राचार्य अमरदीपला म्हणाले होते, "मासूमाला इथेच थांबवा. एमएला चौदाच मुलं आलीत. पंधरावं नाही मिळालं तर वर्ग बंद, आणि तुमचे तासही गेले."

"मला सांगता येईल ते माझंच," अमरदीप म्हणाला. "नेट होऊन दहा वर्षं झाली. महिन्याला अठरा हजाराच्या आसपास पडतात. मे महिन्यात शून्य."

मासूमाने झटकन वर पाहिलं. तीन वर्षं ती या माणसाकडे बघून हा विषय शिकली होती. तिच्या नजरेतलं ओशाळलेपण अमरदीपला सोसेना. त्याने नजर टेबलाकडे वळवली.

"म्हणजे जाऊ नको म्हणता," फारुकभाई म्हणाले.

होय म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. अमरदीप म्हणाला, "माझं ऐकताना एक ध्यानात ठेवा, फारुकभाई. ही इथे राहिली तर आमचा वर्ग चालतो आणि माझे तास टिकतात. माझ्या सल्ल्यात माझाही स्वार्थ आहे."

फारुकभाई त्याच्याकडे बघत राहिले. असं कुणी तोंडावर सांगेल हे त्यांना अपेक्षित नव्हतं.

मासूमाने विचारलं, "सर, तुम्ही आज पुन्हा गेला असतात पुण्याला?"

"गेलो असतो. पण प्राध्यापकच व्हायचं, एवढंच धरून नसतो गेलो. तिथे अजून काय काय करता येतं ते पहिल्या दिवसापासून शोधलं असतं. मी ते पाहिलंच नाही."

"तुमची आई?" फारुकभाई म्हणाले. "सही केली त्याचं तिला वाईट वाटलं कधी?"

"मी कधी विचारलं नाही."

बापलेक उठून गेले.

आठवड्याने फारुकभाई एकटेच आले, हातात स्टँपपेपर. "बँकेचं व्याज आमच्यात चालत नाय. माझा पोरगा, जुनेद, कतारला आहे. तो देतो अडीच लाख, बिनव्याजी. पण बहीण झाली तरी देणं लिहून ठेवावं, साक्षीदार घ्यावेत, असं आमच्यात सांगितलंय. एक साक्षीदार आमचा शेजारी तहा. दुसरे तुम्ही व्हा."

अमरदीपने कागद दोनदा वाचला. या सहीने आपलेच तास जाणार हे त्याला कळत होतं. त्याने खिशातलं पेन काढून सही केली.

एमएचा वर्ग बंद झाला. आठवड्याचे नऊ तास होते, त्यांचे चार उरले. रविवारी तो रत्नागिरीला स्पर्धा परीक्षेच्या क्लासात शिकवू लागला. सकाळची एसटी चुकली तर त्या दिवसाचे पैसेही चुकत. आई त्याला डबा बांधून देई. तास कमी का झाले, हे तिने विचारलं नाही.

मासूमा यंदा एमए झाली. ग्रामपंचायत सदस्यांना प्रशिक्षण देणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेत तिला काम मिळालं, बावीस हजारांवर. त्यातले पाच हजार दर महिन्याला जुनेदला जातात. फेडायला चारेक वर्षं लागतील. हे सांगायला फारुकभाईंचा फोन आला.

"तुमच्यापेक्षा जास्त आहे हो, सर," ते भाबडेपणाने म्हणून गेले आणि लगेच चपापले. "तसं नाय म्हणायचं होतं मला."

"खरंच जास्त आहे," अमरदीप म्हणाला. "बरं झालं."

यंदा प्रथम वर्षाच्या पहिल्याच तासाला त्याने फळ्यावर विषयाचं नाव लिहिलं आणि त्याखाली आपली महिन्याची कमाई. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिघांनी विषय बदलला. प्राचार्यांनी बोलावून झापलं. अमरदीपने खाली मान घालून ऐकून घेतलं आणि पुढच्या तासाला वर्गात गेला.