बोअरमधली मोटर

शेजारच्या रानात बोअर पाडताना ओल्या दगडाच्या भुकटीचा वास आला आणि तो दुष्काळ आठवला. तेव्हा माझी दीड महिन्याची लेक प्यायलेलं सगळं दूध ओकायची. जठराचं खालचं तोंड आवळलंय, पोटाला बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीतून ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाले होते. तिला घेऊन मी आणि सासरे सोसायटीच्या दूधगाडीतून बीडला निघालो. त्या साली गुरांचं दूध आटलेलं, कॅन कमी, म्हणून बसायला जागा होती. एवढ्याशा छिद्रातून आत काय करणार, म्हणून मी रडत होते. सासरे म्हणाले, “आपल्या बोअरात अडकलेली मोटर काढली, तवा रान खांदलं का? वरूनच काढली न्हवं? मंग कावून रडती?” ऑपरेशननंतर लेकीला पाजलं आणि आम्ही दोघं तिच्या ओठांकडं बघत बसलो. दूध पोटात राहिलं. आता ती आणखी भाकर मागते, तेव्हा मी मुद्दाम ऐकलंच नाही असं करते. तिनं परत मागावं म्हणून.