जिवंत माशांची फिर्याद

खून, दरोडे, चकमकी असं नोकरीत बरंच पाहिलं, पण आजही मनातून जात नाही ती घमेलंभर जिवंत माशांची घटना. माझी शेवटची नेमणूक चिमूरच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या ठाण्यात होती. सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदार हसू दाबत आत आला आणि म्हणाला, "साहेब, एक बाई मासे घेऊन आली आहे. तक्रार द्यायची म्हणते."

बाई ढिवर समाजाची, पन्नाशीच्या आसपासची. गावच्या मामा तलावातले, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावातले, मासे ती आठवडी बाजारात विकायची. घमेल्यातल्या पाण्यात चार मरळ वळवळत होते. तलावात विष टाकून मासे मारल्याच्या तक्रारी आमच्याकडे नेहमीच्या, म्हणून मी सवयीने विचारलं, "किती मेले?"

"एकबी नाई मेला साहेब. मेले असते तं मी आलीच नसती. मेलेला मासा कोणी घेत नाई. हे जित्ते हायत, म्हणून लोक घेतीन."

आठ दिवसांपासून तलावाच्या काठाला पांढरा फेस साचत होता. त्या बाजूला कोणी कपडे धूत नाही. त्याच आठवड्यात तिच्या सुनेने तांदूळ भरायला बाजारातून निळा ड्रम आणला. सात वेळा धुतला तरी त्यातून फेस येतच राहिला, आणि बाईच्या मते तो तलावातलाच फेस होता. तिने ड्रम पालथा घातला आणि मासे विकणं बंद केलं. ऐन लग्नसराईत हिने फेसाची आवई उठवली म्हणून मासेमारी संस्थेचे लोक तिच्यावर खवळले होते.

खरं सांगतो, मलाही ते संस्थेतलं भांडणच वाटलं. मी म्हणालो, "बाई, फेसाचा गुन्हा कोणत्या कलमात बसवू?"

"ते तुमी पाहा. बाजारात लोक मले इचारतात, मासा चांगला हाय का. मी हो म्हटलं का डोये मिटून घेतात. आता मले हो म्हणता येऊन नाई राह्यलं."

मी जीप काढली. तलावापाशी उतरलो; तलावात येणाऱ्या नाल्याच्या काठाने बाई पुढे आणि आम्ही धापा टाकत मागे. दीड-दोन किलोमीटरवर, बैलगाडी नाल्यात उतरते त्या जागी, मोठ्या गाडीच्या टायरच्या खुणा होत्या आणि दगडांवर वाळलेला चिकट थर होता. पंचनामा केला. पाणी, मासे आणि ड्रम यांचे नमुने सीलबंद करून पाठवले.

अहवाल आला, पण मला त्यातलं ओ की ठो कळेना. तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाने फोनवर समजावलं. तेलाची आग विझवायला कारखान्यात जो फेस ठेवतात, त्याचं हे जुनं फ्लोरिनयुक्त रसायन. ते उकळून जात नाही, कुजून जात नाही. पाण्यातून माशात, माशातून माणसात जातं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. तलावावर मासेमारीबंदीचा फलक लागला. म्हणजे बाईचं खरं ठरलं आणि त्याच दिवशी तिचा धंदा बसला.

ड्रम विकणाऱ्या भंगारवाल्याकडून, ते आणणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर सापडला. त्याला दोन दिवस विचारत होतो. "मी रिकामेच डरम आणले," एवढं एकच पाठ करून आला होता. दुसऱ्या दिवशी बाई जबाबावर सही करायला आली आणि समोरच्या बाकावर बसली. माझे प्रश्न ऐकता ऐकता तिने मध्येच त्याला विचारलं, "भाऊ, तुह्या घरी बी हाय का तसा डरम?"

"हाय. दोन हायत."

"काय भरता?"

"पाणी. प्यायचं."

"धुताना फेस आला होता?"

"बायको म्हने, साबण जास्त झाला."

"तो साबण नोहे, भाऊ."

त्याचा चेहरा उतरला. "साहेब, पह्यले मले घरी फोन करू द्या." मी माझाच फोन दिला. "त्या डरमातलं पाणी सांडून दे," तो बायकोला सांगत होता, "पोरीले पाजू नको." फोन ठेवून त्याने सगळं सांगितलं. कारखान्याने मुदत संपलेला माल विल्हेवाटीसाठी एका ठेकेदाराला दिला होता. ठेकेदाराने, साबणाचंच पाणी आहे असं सांगून, तो नाल्यात ओतायला लावला आणि ड्रम बाजारात विकायला दिले. गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं, प्रकरण न्यायालयात आहे.

बाकीचे ड्रम जप्त करायला आमची माणसं गेली तेव्हा लोक देईनात. चांगला ड्रम कोण सोडतो? मग बाई सोबत गेली. तिने सांगितलं की घरातून ड्रम मुकाट बाहेर यायचा.

तपास माझ्या नावावर आहे, पण तो तिचा आहे. आम्ही पोलीस आधी प्रेत शोधतो. काही मेलेलं नसताना, स्वतःच्या पोटावर पाय देऊन तक्रार करणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मला तिचा आदर वाटतो.

ती आता लांबच्या एका तलावाचे मासे आणून विकते. परवा बाजारात तिच्यासमोर पिशवी धरली. मासे ताजे होते, लोक घासाघीस करत होते.

"आज नाई साहेब," ती म्हणाली. "हा माल शेजारणीचा हाय, ती जेवाले गेली म्हणून मी बसली. कोणत्या तलावाचा हाय, मले माईत नाई."

मी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो आणि बायकोला वरण-भात लावायला सांगितला.