वाजलेली चकती

शेजारच्या तालुक्यातल्या नेमबाजी स्पर्धेत माझ्या एअर पिस्तुलाची गोळी लोखंडी चकतीवर ठण्णकन वाजली, पण चकती पडली नाही. "शून्य," पंच म्हणाले. आमच्या गावी चकती वाजली की गुण मिळतो. इथे ती आडवी व्हावी लागते. "अहो, सकाळीच सांगितलं होतं की," पंच हसून म्हणाले. मला ते हसणंच खटकलं.

एकाच खेळाचे नियम गावोगावी बदलले, की माणूस चकतीआधी यजमानांचे चेहरे निरखायला लागतो. यांच्या लोकांच्या चकत्या कशा फुंकर मारल्यासारख्या पडतात, आणि आमच्या तेवढ्या जमिनीत मुळं धरून बसतात! मग यांच्याच क्लबमधल्या एका बाईंची चकतीही नुसती वाजली. पंचांनी त्यांनाही शून्य दिलं. मला वाटलं, हे आम्हाला दाखवायला.

स्पर्धा संपल्यावर सगळे चहाकडे वळले. मी मात्र पुढे जाऊन माझी ती चकती बोटानं हलकेच ढकलली. लगेच पडली. म्हणजे माझीच गोळी कडेला लागली होती. मी ओशाळलो.

चहा घेताना वाटलं, मधल्या वेळात कुणी ती सैल तर केली नसेल?