उतारावरच्या अकरा जाती

वच्छलाबाई झंझाड आठवी शिकलेल्या, आणि आमच्या कॉलेजातले बॉटनीचे प्राध्यापक शेवाळ ओळखायला त्यांच्याकडे यायचे. हे मी कौतुकाने नाही, चिडून सांगते. कारण कॉलेजच्या कागदांवर त्या नुसत्या प्रयोगशाळेतल्या परिचर, काचेच्या बशा धुणाऱ्या. मी इथेच लायब्ररीत कारकून आहे. सत्तावीस वर्षं आम्ही दोघी एकत्र डबा खातो, त्यामुळे माझ्या बोलण्यात पक्षपात असेल तर असू दे.

पावसाळ्यात बी.एस्सी.च्या मुलांना प्रॅक्टिकलसाठी रिक्सिया, अँथोसेरॉस, फ्युनेरिया अशी शेवाळं लागतात. इतर कॉलेजं बरण्या विकत आणतात. औषधी पाण्यात बुडवलेला तो तपकिरी लगदा पाहून एखाद्या मुलाला वाटावं, ही वनस्पती जन्मतःच मेलेली असते. आमच्याकडे मात्र सकाळी ताजा, ओला, हिरवा माल टेबलावर असायचा. तो कुठून येतो हे विचारलं की वच्छलाबाई सरळ खोटं सांगायच्या. कधी शेजारचं दुर्ग शहर, कधी सुपेल्याचा नाला.

खरी जागा कॉलेजच्या मागच्या भिंतीपलीकडे होती. मुरमाचा लहानसा उतार. वरच्या जुन्या पाइपलाइनचा एक जोड बाराही महिने पाझरायचा आणि भिंतीची सावली दिवसभर हलायची नाही. तिथे मातीला चिकटलेल्या नखाएवढ्या चकत्या असत, ते रिक्सिया. बारीक हिरवी शिंगं वर काढणारं अँथोसेरॉस, त्याला त्या 'शिंगवाली' म्हणत. भिंतीच्या कडेने मऊ फ्युनेरिया. सगळ्या मिळून अकरा जाती. नावं निवृत्त झालेल्या अरुणकुमार सरांनी शिकवली, बाकीचं त्या वाकून वाकून स्वतः शिकल्या. एका खेपेला तळहाताएवढंच उचलायचं, तेही मधून. कडेला हात लावायचा नाही, कारण कडेकडूनच ते पुन्हा पसरतं. चपला बाहेर काढायच्या आणि पाय धुवून उतारावर जायचं, नाहीतर चपलेच्या चिखलातून गाजरगवताचं बी येतं. मी एकदा विसरून तशीच गेले, तर माझ्यावर अशा ओरडल्या की दोन दिवस मी वेगळा डबा खाल्ला.

ही जागा त्यांनी मला सोडून एकीलाच दाखवली. रेणूला. पद्मनाभपुरातली मुलगी, ती बारावीत असतानाच आई गेलेली. एम.एस्सी.ला आली तेव्हा वच्छलाबाई तिच्यासाठी रोज दोन पोळ्या जास्त आणायच्या. त्यांना स्वतःचं लेकरू नव्हतं. नवरा बळीराम पोलादाच्या प्लांटमध्ये शिफ्टला, घरात बोलायला कोणी नाही. रेणू प्लांटच्या सेक्टरमधल्या त्यांच्या क्वार्टरवर स्कूटीने यायची, जेवायची, तिथेच झोपायची. "माह्या मांगं हे तुलेच पाहाचं हाय," असं त्यांनी तिला उतारावर उभं करून सांगितलं होतं. मी साक्षीला होते.

मग रेणू आमच्याकडेच तात्पुरत्या नोकरीवर शिकवायला लागली. गेल्या वर्षी सप्टेंबरात तपासणी समिती येणार होती आणि 'हरित परिसरा'चं काम तिच्याकडे आलं. जूनमध्ये ती गोणपाटात भरून वेलीच्या काड्या घेऊन आली. म्हणाली, "मावशी, उताराची माती वाहून चालली आहे. ह्या लाव, माती धरून ठेवतील."

आम्ही दोघी मूळच्या पवनीकडच्या, तिकडच्या बायकांत एक रीत आहे. लेक माहेरी काडी घेऊन आली की तिचं नाव विचारायचं नाही, कशासाठी आणली तेही विचारायचं नाही. त्याच दिवशी मातीत खोचायची. विचारलं तर काडी रुसते म्हणतात. वच्छलाबाईंनी विचारलं नाही. पदर खोचून, पाय धुवून, सगळा उतार त्यांनी दोन दिवसांत स्वतःच्या हाताने लावून काढला.

ऑगस्टपर्यंत उतार गच्च हिरवा झाला, वर पिवळी फुलं. 'जैवविविधता उद्यान' अशी पाटी लागली आणि तिच्यावर त्या अकराही शेवाळांची नावं. समितीने फोटो काढले. रेणू नोकरीत पक्की झाली. वच्छलाबाईंनी स्टाफला पेढे वाटले.

समितीच्या गडबडीत गेल्या पावसाळ्यातली प्रॅक्टिकलं राहूनच गेली होती. या जुलैत त्या माल आणायला गेल्या आणि रिकाम्या बशीने परत आल्या. वेलीखाली नुसती कुजलेली पानं आणि पांढुरकी माती. त्यांनी वेल उपटायला घेतली. पण तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटलेलं, तुकडा राहिला की तो पुन्हा जगतो. तीन आठवडे रोज उपटत होत्या. पाइपच्या जोडाजवळ दोन जाती सापडल्या, बाकी नऊ गेल्या. डबा उघडून त्या नुसत्या बसायच्या.

"माह्याच हातानं झालं, जया," त्या मला म्हणाल्या. "मले समजाले पाह्यजे होतं. रेणूले नको सांगू, पोरीले वाईट वाटन."

मीही रेणूला सांगितलं नाही. ऑगस्टात लायब्ररीची मोजणी करताना रेणूचा एम.एस्सी.चा प्रकल्प हाती लागला. सहज उघडला, तर पान भरून तेच पिवळं फूल. वेडेलिया. बाहेरून आलेली, पसरणारी वेल. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की ओल्या, सावलीच्या जागी ही कधीही लावू नये, जमिनीलगतच्या वनस्पती एकाच पावसाळ्यात गुदमरतात. तारीख तीन वर्षांपूर्वीची, सही रेणूची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

लपवावं असं मनात आलं, पण ती बाई स्वतःला दोष देत झिजत होती. मी मराठीत करून वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, फुलाच्या फोटोवर बोट ठेवलं, आणि प्रकल्प काखेत घेऊन सरळ स्टाफरूममध्ये गेल्या. मी मागोमाग.

रेणू एकटीच वह्या तपासत होती.

"हे तुनं लिवलं?"

रेणूने पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. "मावशी, समझा कर ना. समिती येणार होती. दोन महिन्यांत हिरवंगार दुसऱ्या कशाने झालं असतं? और वहाँ दिखाने लायक था क्या? ते नखाएवढं त्यांना दिसलंही नसतं. माझी नोकरी होती मावशी."

"पन कॉलेजचा माळी गुलाब होता नं. त्याले कावून नाई सांगतलं?"

"सांगितलं होतं."

"मंग?"

"त्याला ती वेल माहीत होती. म्हणाला, मावशीच्या जागेत मी हे लावणार नाही."

वच्छलाबाईंनी प्रकल्प टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडायला हवं होतं.

"मंग मलेच कावून देल्ल्या?"

रेणू वहीकडे बघत म्हणाली, "तू विचारणार नाहीस, हे माहीत होतं."

"हो," वच्छलाबाई म्हणाल्या. "तुले नसतंच विचारलं मी."