स्वतःला दहापैकी किती

माझ्या मैत्रिणीने संभाव्यतेत स्वतःला दहापैकी नऊ दिले. मी स्वतःला चार. आम्ही जळगावला एकाच बाकावर बसून संख्याशास्त्र शिकलो. परीक्षा जवळ आली की ती माझ्या होस्टेलच्या खोलीवर येऊन पलंगावर मांडी ठोकायची आणि म्हणायची, "संभाव्यता सांग बाई, मला काही झेपत नाही." त्याच विषयात तिचे नऊ बघून माझी कानशिलं तापली.

गुण भरायचा तो कागद आमच्या सरांनी दिला होता. आम्हा दोघींना परदेशात क्वांटिटेटिव्ह फायनान्सच्या मास्टर्सला अर्ज करायचा होता. म्हणजे बाजारातले भाव आणि जोखीम यांचं गणित. सर आधी मुंबईत एका बँकेत हेच काम करत होते, त्यामुळे त्यांच्या शिफारसपत्राला वजन होतं. पण ते सहज लिहून देत नसत. "आधी स्वतःची तयारी तपासा. विषयवार गुण द्या, खाली दोन ओळी लिहा. त्यावरून मी ठरवतो यंदा कोणाला लिहायचं," असं त्यांनी सांगितलं होतं.

माझे चार गुण कुठून आले ते सांगायला हवं. मी धुळ्याची, देवपुरातली. आमच्या घरी कॅलेंडर कमी आणि पत्रकं जास्त. वडील कष्टकऱ्यांच्या संघटनेचं काम करतात, पत्रकांचा मजकूर तेच लिहितात, आणि मला वाचता यायला लागलं तेव्हापासून प्रुफं मी तपासते. संघटनेच्या शिबिरात शेवटच्या बैठकीला प्रत्येकाने उभं राहून आपल्या उणिवा सांगायच्या, अशी पद्धत आहे. चांगलं काम कोणी स्वतः बोलून दाखवत नाही, ते इतरांनी सांगायचं असतं. स्वतःबद्दल बरं बोलणाऱ्याकडे मंडळी अशी बघतात, जणू त्याने चारचौघांत खिशातून कंगवा काढून भांग पाडला. मी शाळेत असल्यापासून त्या बैठकांना बसत आले. म्हणून 'स्वतःची तयारी तपासा' म्हटल्यावर मी तेच केलं. उणिवा लिहिल्या. भरपूर लिहिल्या, आणि लिहून झाल्यावर मला स्वच्छ वाटलं.

मैत्रिणीच्या घरची रीत वेगळी. तिच्या वडिलांना आम्ही सगळे आबा म्हणतो. मूळचे भडगावकडचे, आता जळगावात राहून केळीचा व्यापार करतात, बोलतात मात्र अहिराणीच. कागद भरून झाल्यावर मी तिच्याच घरी जेवायला होते. तिने माझा कागद ओढून घेतला आणि आबांना मोठ्याने वाचून दाखवला. आबांचा घास हातातच राहिला.

"हे बठ्ठं तूच लिखं का, माय?"

सगळं मीच, असं मी म्हटलं.

"आपला मालले कोनी नावं ठेवस का? घेनारा ठेवी. त्यानंच काम शे ते." मग ते घास तोंडात घालून म्हणाले, "मी बागमा जास, घड वाकाडीसन दखस, म्हनस, फण्या बारीक शेत, डाग शे. शेतकरी म्हनस, असा माल बठ्ठा शिवारमा नई. मंग भाव व्हस. त्यानीच जर म्हनं, भाऊ, माल खराब शे, तर मी काय करू? घर जास!"

सगळे हसले. मैत्रीण सगळ्यात जास्त. मीही हसले, पण मनात म्हटलं, तुमच्याकडे माल विकतात, आमच्याकडे माणूस घडवतात. हे वाक्य मला इतकं आवडलं की पत्रकात कुठे बसेल याचा विचार करत मी दुसरी भाकरी घेतली.

हेव्याचं खरं कारण गुणांच्या पलीकडचं होतं. तिला फक्त जायचं होतं. 'मला हे आवडतं, मी जाते,' एवढं म्हणाली आणि आबांनी पासपोर्टची चौकशी सुरू केली. माझ्या घरात कुठलीही इच्छा ठराव झाल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मी विषय काढला तेव्हा वडील पत्रकांचा गठ्ठा बांधत होते.

"मंग आते तू सट्टा शिकाले जाशी का?"

भावांच्या चढउतारात कोणाचं कसं नुकसान होतं हे आपण वर्षानुवर्षं लिहितो, पण ते गणित आपल्यापैकी कोणालाच येत नाही, असं मी म्हटलं. ते कोणाला तरी यायला हवं की नको? मी बराच वेळ बोलले. वडिलांनी सुतळीची गाठ मारली. "भाषन चांगलं करस," म्हणाले, आणि हसले. परवानगी मिळाली. पण मी सांगितलेलं कारण खरं असूनही अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मैत्रिणीसारखंच होतं: मला ते आवडतं. ते मी घरात आजवर उच्चारलेलं नाही. तिला ते जेवताना तोंडात घास ठेवून म्हणता येतं.

पुढच्या रविवारी सरांनी दोघींना घरी बोलावलं. आमचे कागद त्यांच्यासमोर होते. माझा वाचून ते म्हणाले, "तुझंच म्हणणं आहे की तयारी नाही. मग यंदा थांब." आणि मैत्रिणीला म्हणाले, "तुझं पत्र लिहितो."

माझा विश्वास बसेना. मी म्हटलं, "सर, तुम्ही तपासलंच नाहीत."

"तूच तपासलंस की."

"मग तिलाही तपासा. दोघींना एकच गणित घाला. आत्ता, इथे."

मैत्रिणीने भुवया उंचावल्या. "अगं, मोर्चा काढलास की काय?" पण लॅपटॉप उघडलाही.

सरांनी गणित घातलं. नाणं उडवत राहायचं, लागोपाठ दोन छापे आले की थांबायचं. सरासरी किती वेळा उडवावं लागेल? मी कागदावर दोन समीकरणं मांडली आणि उत्तर दिलं: सहा. मैत्रिणीने तोवर पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून लॅपटॉपला तोच खेळ लाखभर वेळा खेळायला लावला होता. तिचं उत्तर सहाला चिकटूनच आलं.

सरांनी नाणं बदललं. आता दर काट्यानंतर छाप्याची शक्यता आधीच्या नऊ-दशांश होते. आता सांगा.

मैत्रिणीने एकच ओळ बदलली आणि प्रोग्रॅम सोडला. उत्तर येईना. तिने वाट बघितली, थांबवला, पुन्हा सोडला. "लॅपटॉप तापलाय," म्हणाली. माझी समीकरणं या वेळी सुटत नव्हती, पण शक्यता दर वेळी कशी आटत जाते ते बघता बघता मला दिसलं.

"लॅपटॉपला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "काही खेळ संपतच नाहीत. दोन छापे कधीच येत नाहीत. त्यामुळे सरासरी काढताच येणार नाही."

सर म्हणाले, "बरोबर."

मी मैत्रिणीकडे बघितलं. तिचा चेहरा पडलेला मला बघायचा होता; ते मी इथे लपवत नाही. तिने माझ्या पाठीत थाप मारली. "अगं, भारी! मला सात जन्मांत सुचलं नसतं!" आणि लगेच कीबोर्डकडे वळली. "म्हणजे खेळ फार लांबला की सोडून द्यायचा, आणि असे किती सोडावे लागले ते मोजायचं, बरोबर ना?" काही मिनिटांत तिने न संपणाऱ्या खेळांचं प्रमाण काढून सरांपुढे ठेवलं. तो आकडा मला कागदावर काढता आला नसता. तिचा प्रोग्रॅम मी वाचायला घेतला, तर तिसऱ्या ओळीलाच अडकले.

सरांनी दोन्ही कागद परत केले. "हे चार खोटे आहेत," मला म्हणाले. "हे नऊही खोटे," तिला म्हणाले. तिने जीभ चावली. मग माझ्या कागदावर, प्रोग्रॅमिंगसमोर, त्यांनी बोट ठेवलं. तिथे मी तीन लिहिले होते. "आणि हे?"

शिबिराच्या सवयीने लिहिलेले ते तीन नेमके खरे निघाले होते. इतक्या खोट्या उणिवांत एक खरी उणीव मिसळून गेली होती, आणि ती मलाही ओळखू आली नव्हती.

"मी तुलाही पत्र लिहायला तयार आहे," सर म्हणाले. "पण पहिल्याच सत्रात रोज प्रोग्रॅमिंग असतं. ज्यांना येत नाही ते तिथे गणित शिकत नाहीत, नुसती धाप टाकतात. यंदा की पुढच्या वर्षी, तू ठरव."

मैत्रीण पटकन म्हणाली, "यंदाच! बरोबर जाऊ. मी शिकवते ना!"

मला हो म्हणायचं होतं. तिच्या मागे राहायचं नाही, एवढ्या एकाच कारणासाठी हो म्हणायचं होतं, आणि हे कारण कुठल्याही बैठकीत टिकलं नसतं. माझ्यापुढेही ते टिकलं नाही.

"पुढच्या वर्षी," मी म्हटलं.

सरांनी मान डोलावली आणि तिचं पत्र लिहायला घेतलं. मी समोरच बसून होते. ते मध्येच थांबून तिच्या कौतुकासाठी शब्द शोधत होते, आणि मला तो शब्द माहीत होता.

आता मी धुळ्यात आहे आणि ती जळगावात, अर्जांच्या धावपळीत. रोज संध्याकाळी फोनवर मी तिला मुलाखतीसाठी संभाव्यता शिकवते आणि ती मला पायथन. ती चुकली की मला बरं वाटतं. अचूक उत्तर दिलं की मी "छान" म्हणते आणि पुढचं गणित जरा अवघड घालते. माझा प्रोग्रॅम पहिल्यांदा न अडखळता चालला तेव्हा तिने आबांना हाक मारून सांगितलं, आणि मागून आबांचा आवाज आला, "मी सांगं व्हतं ना, माल चांगला शे!"

काल तिने विचारलं, "मी गेल्यावर पण शिकवशील ना गं?"

"वेळ मिळाला तर," मी म्हटलं. वेळ मला पुढचं अख्खं वर्ष आहे.