कात आणि उष्टी हळद

माझ्या कोपरांवर, गुडघ्यांवर, पाठीवर चट्टे आहेत. सोरायसिस. मी उठले की खुर्चीवर कोंडा पडलेला दिसतो. सावेडीतल्या शाळेत मी विज्ञान शिकवते, तेही नगरच्या उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून. मुलांना सांगते, कातडी सगळेच टाकतात. सापाची वरची कातडी त्याच्याबरोबर वाढत नाही, म्हणून तो ती एकदम उतरवतो. खाली नवी तयार असते. माणसाची रोज कणाकणाने झडते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. माझी घाईत बनते आणि घाईत गळते, एवढाच फरक. हात लावल्याने कुणाला होत नाही.

मुलाची हळद तिसगावला, माझ्या सासरी होती. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे पाठवतात. थोरल्या जाऊबाईंनी मला आत बोलावलं.

"तू नको लावू हळद. मी लावते. ती सुप्याला नवरीकडं जायचीय. त्यात तुझं काय पडलं तर लोक काय म्हनतील?"

माझ्याच पोराला हळद लावायची मला बंदी! डोकं सणकलं.

जाऊबाईंना मागे कांद्याच्या चाळीत सापाची कात सापडली होती. बरकत येते म्हणून त्यांनी ती कपाळाला लावून कपाटात, शालूच्या घडीत ठेवलेली. मी कपाट उघडलं आणि ती बाहेर काढली.

"ताई, ही कुणाची?"

"नागोबाची. हळू धर, फाटंल."

"त्याची शालूत आणि माझी केरात का?"

"त्यो देव हाय."

"मग मी त्याच्या वळणावर गेले समजा."

मी ब्लाऊज बदलला, आखूड बाह्यांचा घातला आणि मांडवात आले. बायका माझ्या कोपरांकडे बघत होत्या. बघू देत. मी वाटीत हात घातला आणि मुलाच्या गालांना, हातांना हळद चोपडली.

"आई, मानेलाही लाव," तो म्हणाला.

उरलेली हळद दिरांच्या गाडीतून सुप्याला गेली. संध्याकाळी होणाऱ्या सुनेचा फोन आला. चट्ट्यांचं मी तिला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं.

"आई, तुम्ही पाठवलेली हळद पोचली. सगळी लावली, वाटी पुसून."

जाऊबाई शेजारीच पापड तळत होत्या. मी फोन स्पीकरवर टाकला आणि सुनेला म्हटलं, "ऐकू आलं नाही गं, परत सांग."